रडका बाबू

दिघाशी,
७ जून २००९

प्रिय रुचिका,

तू फोन उचलत नाहीस आणि वज्रेश्वरीला तुझ्या दारात यायची माझी हिंमत होत नाही, म्हणून हा कागद. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांच्यापेक्षा तीच जास्त कुरकुरते. भाविकसाठी तिने मऊ गोधडी शिवायला घेतली आहे. मान धरायला लागला का गं तो? दीड वर्षाचं पोर, घरभर पळायचं, मला ‘आका’ म्हणायचं, आणि आता मान धरतो का म्हणून विचारावं लागतंय. 

तुला मी चिंचोक्यांवर आकडे शिकवले होते, आठवतं? सातच्या पुढे तुझं गाडं अडायचं. एकदा आठवा चिंचोका सापडेना, तर बाईसाहेबांनी तो नाकात घातलेला! आईने तपकीर हुंगवली, तू शिंकलीस आणि चिंचोका थेट चुलीपाशी जाऊन पडला. त्यावर आपण किती वर्षं हसलो. पण त्या चिंचोक्यांनीच तुला गणित आलं. पोराने हाताने मोजलं, जोडलं, मोडलं की त्याचं डोकं चालतं, पुस्तक नंतर, असं मला तेव्हाही वाटायचं आणि अजून वाटतं.

म्हणून तर पूर्णा गावच्या गोदामात खेळण्यांच्या खोक्यांना स्टिकर लावायची ड्युटी मिळाली तेव्हा मी केवढी फुशारले होते. माल चीनचा. प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यात एक गोल, गोलात पोराचा रडवेला चेहरा, बाजूला इंग्रजी आकडे आणि त्यावर लाल तिरकी रेघ. आम्ही बायका त्याला ‘रडका बाबू’ म्हणायचो. आमचा सुपरवायझर दीपेश सांगायचा, “आक्का, स्टिकर बाबूच्या तोंडावरच मार, तिथं बरोबर बसतो.” आमचा स्टिकर सोनेरी, त्यावर ‘शैक्षणिक खेळणे’. नव्याने आलेल्या रंगूबाईने विचारलं, या बाबूचा अर्थ काय? त्या टेबलावर दहावी पास मी एकटी. मी ऐटीत सांगितलं, रडणाऱ्या पोराला गप्प करणारं खेळणं. रेघ मारली म्हणजे रडणं बंद. सगळ्या हसल्या. मला मात्र ते खरंच वाटत होतं.

जानेवारीत एक खोकं फाटलं. आत तारेत ओवलेल्या लाकडी मण्यांची पाटी होती, तार तुटलेली. दीपेशने ती मला दिली आणि मी ती भाविकच्या बोरन्हाणासाठी जपून ठेवली. तुझ्या सासरी ही रीत नाही, म्हणून आपल्या घरी केलं, हौस माझीच. काळं झबलं मी शिवलं, हलव्याचा मुकुट मी केला. तू मात्र सकाळपासून त्याच्यासाठी बोरं निवडत बसलीस, बिया काढून मोजून सात वाटीत वेगळी ठेवलीस. पोरांनी लुटायच्या सुपात मी कुरमुरे, बोरं, गोळ्या घातल्या, आणि ते सुटे मणीही घातले. पोरं लुटतील, मग मोजतील, असं माझं शहाणपण. लाल मणी, पिकल्या बोराएवढे.

पुढचं तुला सांगायला नको. आई ओरडली, “रुचे, यो पोर हसत न्हाय, घुसमटलाय, बग गं!” मग रिक्षा, मांडीवर निळं पडलेलं पोर, भिवंडीचं हॉस्पिटल, आणि वाटेत सगळ्यांच्या तोंडी एकच, बोर अडकलं, बोर अडकलं. तेव्हापासून तुझी सासू गावभर सांगते की तूच पोराला बोर भरवलंस. आणि तू मान खाली घालून ऐकतेस, हे तुझ्या दिराकडून मला कळतं.

त्यानंतर आठवडाभराने टीव्हीवर बातमी आली की सरकारने चिनी खेळणी बंद केली. आठवडाभराने, रुचिका! मग मार्चमध्ये, तपासणीचा कागद असलेला माल चालेल असं झालं. आमच्याकडे कागद आला, खोकं कुणी उघडलं नाही. कागद घेऊन आलेल्या माणसाला मी बाबूचा अर्थ विचारला. त्याने सांगितलं, तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती देऊ नका, बारीक तुकडा घशात जातो. वर म्हणाला, “इतना भी नहीं पता?” मी दीपेशला म्हटलं, स्टिकर दुसरीकडे लावू या. तो म्हणाला, वरून जसं सांगितलंय तसं मार. आता मी स्टिकर बोटभर खाली लावते, बाबूचं तोंड उघडं ठेवते. पुढच्या टेबलावरची बाई तो उचलून पुन्हा जागेवर बसवते. तिला काय बोलू? काम सोडलं तर माझ्या जागी उद्या दुसरी उभी राहील.

त्या दिवशी तू आत भाविकपाशी होतीस. डॉक्टरांनी त्याच्या घशातून जे काढलं ते कापसात गुंडाळून माझ्या हातात दिलं. बाहेर सगळे बोर बोर म्हणत होते. मी मूठ मिटली, आणि पाच महिने ती उघडली नाही. घरी येऊन तुझी वाटीही मीच गुपचूप उचलली. त्यात तू निवडलेली बोरं तशीच होती, सातच्या सात. ते बोर नव्हतं, रुचिका. या पाकिटात तो लाल मणी आहे. तुझ्या सासूच्या हातावर ठेव आणि माझं नाव सांग. याने भाविक पुन्हा पळणार नाही, मला ठाऊक आहे. पण तू मान वर कर.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
आक्का