दारात दिलेला शब्द

कार्ले,
२ फेब्रुवारी १९६९

आबांच्या पायांवर कस्तुराचं डोकं.

इकडे सगळं ठीक आहे असं सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. वाल चांगला आला आहे. हे रोज लोणावळ्याला रेल्वेच्या कामावर जातात. दगडू बरा आहे. आत्यांची तब्येत आणि तोंड, दोन्ही उत्तम.

येत्या रविवारी तुम्ही नंदाची सुपारी फोडायला कान्ह्याहून इकडे येणार, असं आत्या शेजारणीला सांगत होत्या. माझ्या धाकट्या बहिणीचं माझ्याच धाकट्या दिराशी ठरतंय, आणि मला ते गहू निवडताना कळतं. समोर बोलायला आले तर तुम्ही उठून गोठ्यात जाता, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही येऊ नका, आबा. ही सोयरीक मी होऊ देणार नाही.

तुम्ही म्हणाल, शब्द दिलाय. माहीत आहे. आईला परणून आणलीत तेव्हा आत्यांनी दार अडवलं आणि "मुली माझ्या घरात देशील तरच आत सोडीन" म्हणाल्या. सगळ्याच बहिणी दार अडवतात, हसतात आणि सोडतात. आपल्या आत्यांनी तो शब्द पक्का धरला आणि तुम्हीही. माझं ठरलं तेव्हा मीही काही बोलले नाही. सासू म्हणजे माझी आत्याच, मला तर बरंच वाटलं होतं.

मग पहिली मुलगी अंगात रक्त न भरता गेली. पाठचा झाला त्याला नजर लागू नये म्हणून आत्यांनी दगडू नाव ठेवलं. तोही पांढराफटक. अंगारे झाले, काढे झाले. मध्यंतरी आत्या शेजारच्या भामाबाईंसमोर म्हणाल्या, "आमच्या घरात आसलं कुनाला न्हवतं. हिच्या कुशीतच खोट हाय."

"मग ती खोट तुमच्याच म्हायेरची हाय, आत्या," मी म्हणाले. तेव्हापासून अबोला आहे. घर कसं शांत झालंय.

मी ते नुसतं तोंडाला तोंड देण्यासाठी बोलले नव्हते. पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं होतं. रक्त लाल असतं ते एका प्रथिनामुळे. ते पालक-गुळातून तयार मिळत नाही, शरीर ते आत, रक्ताच्या पेशींत, स्वतः घडवतं. कसं घडवायचं याची एक रीत मूल आईकडून घेतं आणि एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं, माणूस ठणठणीत राहतो. दोन्ही बिघडलेल्या आल्या तर प्रथिन नीट घडतच नाही. आमचं रक्त तपासलं. माझ्यात एक बिघडलेली निघाली, यांच्यातही एक. माझ्याकडे ती बहुधा तुमच्याकडून आली, आबा, आणि यांच्याकडे आत्यांकडून. तुम्ही दोघं एका आईच्या पोटचे. हे लिहायला मला फार दिवस लागले. यात तुमचा गुन्हा नाही. माझाही नाही, आणि तो आहे असं मी यापुढे कोणाकडूनही ऐकून घेणार नाही.

दगडू बरा नाही, आबा. वर उगाच लिहिलं. पानथरी, डॉक्टर जिला प्लीहा म्हणतात ती, वाढून त्याचं पोट टम्म झालंय. पुण्याला नेऊन रक्त भरलं की थोडे दिवस अंगणात खेळतो, मग पुन्हा भिंतीला टेकून बसतो. मी डॉक्टरांना विचारलं, हा शाळेत जाईल ना? "जाईल," म्हणाले. लग्नाचा होईल का, विचारलं, तर ते चिठ्ठी लिहीत राहिले. माझं हेही मूल राहणार नाही हे मला कळलंय. मी त्याच्यासाठी रोज भात मऊ शिजवते.

मागच्या महिन्यात नंदा एकवीरेच्या दर्शनाला म्हणून आली होती ना? ती डोंगर चढलीच नाही. मी तिला आणि हनुमंत भावोजींना पुण्याला नेऊन दोघांचं रक्त तपासायला दिलं. काल यांनी निकाल आणला. दोघांतही तीच खोट आहे. दोघं ठणठणीत आहेत आणि तसेच राहतील. समोरच्याचं रक्त तपासून, दुसऱ्या घरांत सोयरीक करून सुखाने नांदतील. फक्त एकमेकांशी नको.

भावोजी म्हणाले, "वयनी, तुमीच कळवा. माज्यानं आईम्होरं बोलवत न्हाई." म्हणून आत्यांना आज दगडूचे वडील स्वतः सांगणार आहेत. आईपुढे ते कधी आवाज चढवत नाहीत, पण आज सांगतील. पोरगं त्यांचंही आहे.

तुमची नजर अधू झाल्यापासून पत्रं नंदाच वाचून दाखवते, तेव्हा हेही तीच वाचत असणार. तिचं तोंड तुमच्यापुढे उघडत नाही. म्हणून तिने मला सांगितलेलं वाक्य मी इथे लिहिते. नंदे, मान खाली घालू नकोस. मोठ्याने वाच.

आबा, मी हे लग्न करणार नाही.

वाचलंस? आता पत्र बाजूला ठेव, आणि एकदा न वाचता म्हण.

दगडूची आई,
कस्तुरा