खैरटोकाच्या वाटेवरचे चुन्याचे दगड

११ जानेवारी

पोचलो बाप्पा एकदाचे! नवी वही हाय, तर रीतसर लिहिते. मी दामिनी, आदिलाबादच्या बाजारात आमचा भाजीचा गाळा हाय. सोबत माहा नवरा चंदन. घरी सासूबाईंसमोर मी त्याले ‘अहो’ म्हणते, डोंगरात मात्र सरळ अरे-तुरे. म्हणूनच तुले डोंगर आवडते, असं तो चिडवते.

हैदराबादच्या एका ट्रेकिंग मंडळाले खैरटोकाच्या माथ्यावरून चार दिवसांची वाट पाहिजे. फेब्रुवारीत त्यांची माणसं येणार. आमी दोघं सवड भेटली की डोंगर भटकतो, म्हणून त्याआधी वाट शोधून खुणा करायचं काम आमाले भेटलं. नार्नूरहून जीपनं इथं पायथ्याच्या वस्तीत आलो तवा दोघांची हाडं खिळखिळी झाली होती. माही पाठपिशवी चौदा किलो, त्याची अठरा, पण कण्हते असा जसं काही आख्खं दुकानच उचललं.

वच्छलाबाईचं चहाचं हॉटेल हाय, तिच्याकडंच उतरलो. ज्वारीची भाकर, ठेचा, वांगं, पोट फुटेस्तोवर वाढलं माउलीनं. नवरा पांडुरंगराव वीस वर्षांखाली गुरं घेऊन वर गेला तो आलाच नाई, हे तिनं भाकर थापता थापता सांगतलं. पण उद्या चढाई, पाय आत्तापासूनच वळवळून राह्यले.

१२ जानेवारी

हा डोंगर माणसाले धार्जिणा नाई. सागाची पानं पायाखाली घसरतात, अन् कुसळं मोज्यातून थेट कातडीत. अर्धा दिवस ती काढण्यातच गेला. माथ्यावर पुरुषभर उंच गवत, झाड औषधाले नाई, वाट पाच पावलांत गुडूप. खुणेची फीत बांधायले फांदीच नाई, म्हणजे दगडांच्या चवडी रचणं आलं. इथला दगड तर काळा, गवतात दिसतच नाई.

पण माहा चंदन हुशार! वस्तीबाहेर चिंचेखाली तळहाताएवढ्या चपट्या दगडांचा मोठा ढीग हाय, एकेका दगडाले चुना फासलेला. सकाळी निघताना त्यानं त्यातले तेहतीस उचलले, थोडे माह्या पिशवीत कोंबले. रस्त्याच्या कामाचे असतील म्हणे. कोणाले विचारायचं दोघांनाही सुचलं नाई. तीन-तीन दगडांची एक चवड. सात रचून झाल्या, वेशीपासून माथ्यापर्यंत, अन् लांबून लखलख दिसतात.

१३ जानेवारी

आज बाकीच्या चार रचल्या. अकरावी पार टोकावर.

दुपारी वळून पाह्यलं तर खालच्या चवडीपाशी तीन माणसं उभी होती. गुराखी असतील म्हणून मी हात केला, ते नुसते पाहत राह्यले. गुरं तर एक दिसलं नाई. तासाभरानं पाह्यलं तर अलीकडच्या चवडीपाशीही तीन. आमी थांबलो की ते थांबतात. चंदन म्हणे वस्तीतले रिकामटेकडे असतील, पाळत ठेवून राह्यले. मी चिडून आरोळी मारली, काऊन मागं लागले म्हणून.

पाणी दोन लिटर उरलं. नकाशातला झरा कोरडा.

१४ जानेवारी

संक्रांत. टोकावर मोबाईलले रेंज भेटली म्हणून वच्छलाबाईले तिळगुळाचा फोन लावला. तिनं आधी हेच विचारलं, की वर तुमी किती जण हा. दोघंच, म्हटलं. मंग तुमच्या मागं रांगेनं चालून राह्यली ती माणसं कोणाची, असं ती म्हणे. आख्ख्या वस्तीले खालून दिसून राह्यली होती.

मी दगडांचं सांगतलं. तिनं दिलेली शिवी इथं लिहीत नाई.

डोंगरात गेला अन् आलाच नाई, अशा माणसाच्या नावानं घरचे एक दगड चुन्यात बुडवून त्या ढिगात ठेवतात. मंग तो तिथं निवांत राह्यते, घराची वाट शोधत फिरत नाई. आमी तेहतीस जणांले तिथून उचललं अन् वाटेवर मांडलं. पांडुरंगराव सकाळपासून तिच्या अंगणात उभा हाय. गेला तवा होता तेवढाच तरणा. दार काऊन लावलं, म्हणून विचारून राह्यला. अंधाराआधी सगळे दगड ढिगात टाका, नाई तर वस्तीत पाय ठेवू देणार नाई, म्हणाली.

लवकर उरकावं म्हणून काम वाटून घेतलं. वरच्या पाच चवडी चंदन उचलणार, खालच्या सहा मी. मी म्हटलं संगंच राहू. तो म्हणे, अवं, वेळ जाते.

१५ जानेवारी

काल माहे अठरा दगड ढिगात टाकले. एकेका चवडीचे दगड ढिगात पडले की तिचे तिघं नाहीसे. वच्छलाबाईचं अंगण मोकळं झालं.

चंदन नाई आला.

फोन आला होता, चारच्या सुमारास. त्याचे पंधराही दगड पिशवीत होते. पण खुणा उचलल्या अन् वाटच गेली. एकाच टेकाडाले तीनदा वळसा झाला. ते पंधरा जण बाजूनंच चालून राह्यले, म्हणे, तेही वाटच शोधून राह्यले. हसून सांगत होता. मंग म्हणाला, दामिनी, जरा लवकर काही कर.

त्यानंतर फोन बंद.

१७ जानेवारी

दोन दिवस जंगलखात्याची माणसं फिरली. नुसतं गवत. मीही गेले, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. एकदा ‘ओ’ आली, उजवीकडून. मंग डावीकडून. मंग —

वस्तीत कोणी पाणीही देत नाई. मी दिसले की दारं लागतात.

१८ जानेवारी

वच्छलाबाई आली. हातात ओल्या चुन्याचा दगड. चंदनच्या नावाचा. माह्या डोळ्यांदेखत ढिगात ठेवला. आता तो निवांत राहील, म्हणाली. मी तिच्या अंगावर धावून गेले. जिता हाय तो! जिता माणूस कसा निवांत ठेवता —

माही चूक. मीच म्हणायले पाह्यजे होतं, थांब, संगं चल.

१९ जानेवारी, सकाळ

चंदनले वाट दिसावी म्हणून आख्खा ढीग काढला. दोनशेच्या वर दगड. वेशीपासून चढापर्यंत मांडत गेले, दर दहा पावलांवर एक. त्याचाही मांडला. बोटं फुटली.

येऊ देत सगळे. वस्तीचं काय व्हायचं ते होवो. मले माहा चंदन पाह्यजे.

दुपार

उतरून राह्यले. रांगच रांग. मागं वस्तीत दारं धडाधड लागली. वच्छलाबाई ओरडून राह्यली, उचल, उचल ते —

नाई उचलत.

म्हातारे. बाया. हा नाई. हाही नाई — पाठीवर पिशवी! चंदनच. उभी राहून हाक मारली, चंदन —

सगळ्यांनीच ‘ओ’ दिली. त्याच्याच आवाजात. अन् सगळेच आता माह्याकडं —