ऑपरेशनाआधीची केळवणं

गुरुवार, १५ जानेवारी २०२६

तारीख मिळाली! चार फेब्रुवारी. जठर कापून लहान करणार, मग भूकच कमी लागेल. परवा गड्ड्याच्या जत्रेत पाळणेवाल्यानं दांडा लावून बघितला, माझ्या पोटावर बसेना. सगळ्या रांगेसमोर उतरवलं. "ताई, तुमी ऱ्हाऊ द्या." पुढच्या वर्षी बघच म्हणावं.

रविवार, १८ जानेवारी

ऑपरेशननंतर वाटीभरच जेवायचं, हे ऐकून आई म्हणाली, "मग आत्ताच केळवण करू की!" लग्न ठरल्यावर करतात तसं, घरोघरी. आज आईकडे शेंगापोळी झाली, मंगळवारी थोरल्या जाऊबाईंकडे मटण. लई मजा वाटतेय.

बुधवार, २१ जानेवारी

वजन वाढलं! ऑपरेशनाच्या तोंडावर. कुणाला सांगितलं नाही.

शनिवार, २४ जानेवारी

आज प्रियदर्शनीकडे केळवण. मावसबहीण, दुधनीला दिलेली. दारात ओळखलीच नाही मी तिला — आधी माझ्याएवढीच जाड होती की! "ऑपरेशन कधी केलंस?"

"कसलं ऑपरेशन? आठवड्याला एक इंजेक्शन. डॉक्टरनं तपासून लिवून दिलंय."

सुरुवातीला लई मळमळलं म्हणाली, पण निभलं. वजनाला इंजेक्शन असतं? मला कुणी सांगितलंच नाही! ताटात भाकरी तशीच राहिली. घरी येईपर्यंत ह्यांच्याशी मीच बडबडत होते. ह्यांनी मात्र जाऊबाईंच्या मटणाचा विषय काढला.

मंगळवार, २७ जानेवारी

डॉक्टरांना विचारलंच. "आहेत ना औषधं," म्हणाले. "तुम्हाला चालतील. ऑपरेशनाइतकं वजन उतरेलच असं नाही, आणि बंद केलं की परत वाढू शकतं. ऑपरेशननं जास्त उतरतं, पण पोट कायमचं बदलतं, जन्मभर व्हिटॅमिन घ्यायचं. ठरवायचं तुम्ही."

मग आधी का नाही बोललात?

"पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही रक्त द्यायला आत गेला होतात. तुमचे मिस्टर म्हणाले, ऑपरेशनच करा. मी तुम्हाला परत विचारायला हवं होतं."

ह्यांनी मान खाली घातली. "दर आठवड्याला सुई. तुला भ्या वाटंल म्हनलं."

मला? शाळेत असताना दादांच्या मेंढरांना सुया मीच टोचायचे, मुंडकं मांडीत दाबून धरून. आणि त्या दिवशी मी आत रक्तच देत होते! लसीच्या रांगेतून कोण पळालं होतं, ते तिथं बोलले नाही. माणसाची लाज राखली.

बुधवार, २८ जानेवारी

हे म्हणाले, "चुकलं माझं." मी म्हणाले, माझ्या पोटाचं मला विचारायचं. राग आहेच. पण आतून उड्याही मारतेय — निवडायला मिळतंय मला! आईला वेगळीच काळजी. "आन् ऑपरेशन न्हाय केलं तर एवढी केळवणं वाया की गं!"

सोमवार, २ फेब्रुवारी

ऑपरेशन थांबवलं. लागलं तर पुढे करता येईल, डॉक्टर म्हणाले. पहिलं इंजेक्शन घेतलं — नर्सबाईंनी दाखवलं तसं, पोटाला, माझ्याच हातानं. टोचलेलं कळलंही नाही. ह्यांना चक्कर आली. बाकावर आडवे आहेत, नर्सबाई साखरपाणी पाजतायत, आणि मी त्यांचा हात धरून दुसऱ्या हातानं हे लिहितेय.