वशिंड असलेल्या देशांची वाटणी

मी, मुंजाजी रामहरी दुधाटे, वय ७८, चौथी पास, धंदा पोळ्याला बैलांचा साज शिवून विकणे, राहणार ताडकळस, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. पत्नी धुरपताबाईचा आहे, पण तो लग्नापासूनचा असल्याने धरू नये.

गावोगाव ट्रॅक्टर आले, झुली खपेनात. म्हणून धंदा परदेशी न्यायचं ठरवून मी अकरा वर्षं देश तपासले. कसोटी माझी स्वतःची: बैलाला वशिंड आहे का, शिंगं आहेत का आणि माणसं त्याला मान देतात का. शेवटी ब्राझील आणि नेपाळ उरले. त्यावरून माझे दोघे मुलगे, योगीराज व आदिनाथ, तीन पोळे झाले एकमेकांशी बोलत नाहीत. माझा जीव तेवढ्यातच अडकलाय. सबब वाटणी अशी.

घर व बँकेतली ठेव धुरपताबाईला. ती म्हणाली होती, "आधी झरीच्या बाजारात तरी नीट बसा की." त्यावर मी जे बोललो ते मागे घेतो.

शिलाई मशीन, कात्री व घुंगरांचं पोतं थोरली सून मंजुषाला. आम्ही देश देश करत होतो तेव्हा झुली तिनेच शिवल्या.

न्यूझीलंड रद्द. गुरं मोप, पण शिंगं काढून टाकतात. पितळी शेंब्या घालायच्या कुठं? स्पेनला फुकटही देऊ नये. तिथं बैलाला फडकं दाखवून चिडवतात.

दुबई मेहुणा सितारामला. "दाजी, उंटाला घाला की झूल, वशिंड लय मोठं हाय," असं तो भर पंगतीत बोलला होता. आता त्यानेच जाऊन घालावी.

ब्राझीलची पुष्कळ गुरं मूळची आपल्याकडचीच, वशिंड पक्कं. तो योगीराजला हवा, म्हणून आदिनाथला देतो. नेपाळात दिवाळीच्या दिवसांत बैल पुजतात. तो आदिनाथला हवा, म्हणून योगीराजला. ज्याला आपला देश पाहिजे त्याने भावाच्या दारात जाऊन मागावा. वकीलसाहेब म्हणाले, देश असा देता येत नाही. मी म्हणालो, अकरा वर्षांची वहिवाट आहे.

खुलासा: वरील मजकूर वाचून दाखवताच योगीराज बोलला, "आद्या, तुला नांदेडच्या पुढं गाडी लागती. ब्राझीलला कसा जायलास?"

"आन् तुला जिना चढताना दम लागतो," आदिनाथ म्हणाला. "नेपाळ इकडं दे."

दोघं अजून भांडायलेत. मला घाई नाही. सही सावकाश करतो.

सही: मुंजाजी रामहरी दुधाटे

साक्षीदार:
१) धम्मानंद खिल्लारे, निवृत्त पोस्टमन. परदेशी पत्रं यांच्याच हातून गेली.
२) माऊली आंबोरे, शेजारी. ऐकू कमी येतं, पण आजचं भांडण त्यांनीही ऐकलं.

ठिकाण: ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५