नव्हती लागली, बाबा

प्रिय बाबा,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. आता खोडत बसत नाही.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला, तुमच्या फोटोपुढे बुद्धवंदना झाली तेव्हा, तुमची जुनी टीम आली होती. पोटं सुटलेली, गुडघे गेलेले. त्यांना तुमच्या नावाने मुलामुलींची क्रिकेट स्पर्धा भरवायची आहे आणि 'वडिलांचा प्रामाणिकपणा' यावर माझ्याकडून चार ओळी हव्या आहेत. त्यांच्यासाठी काही सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

विद्यापीठाच्या फायनलची गोष्ट पुन्हा झालीच. तुम्ही शहाण्णववर, चेंडू बॅटला जेमतेम चाटून कीपरकडे, अंपायर ढिम्म, आणि तुम्ही आपले बॅट काखेत मारून चालू लागलात. मॅच गेली, नाव झालं. त्या नावावर खडकीच्या कारखान्यात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. विद्यापीठाच्या टीमचा तो ब्लेझर तर लोकांच्या लग्नांत मे महिन्यातही घातलात! आई म्हणायची, अहो, घामाने भिजलाय. ऐकाल तर शपथ.

घरात मात्र कधी स्वतःहून आउट झालात का हो? भाजीत मीठ तुम्ही दुसऱ्यांदा टाकलंत, तरी चूक आईची.

मी सोळा वर्षांचा होतो. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. आईने फॉर्म आणला, तर तुम्ही म्हणालात, पोरगं खेळणार. निवड सामन्याला अंपायर आला नाही, म्हणून तुम्हालाच उभं केलं. तुमच्यावर कोण शंका घेणार? मी एकेचाळीसवर होतो. चेंडू पॅडला घासून कीपरकडे गेला, अपील झालं. तुम्ही सगळ्यांसमोर मला विचारलंत, "बॅटची कड लागली?"

"नाही, बाबा."

तुम्ही बोट वर केलंत.

दुसऱ्या दिवशी मी क्लासचा फॉर्म भरला. बरंच झालं म्हणे! आयटीतली नोकरी, वाघोलीला फ्लॅट. तुम्हीही शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचात. मला मात्र वीस वर्षं वाटत राहिलं की मीच खोटं बोललो असेन. एवढा प्रामाणिक माणूस चुकेल कसा?

आणि मग हॉस्पिटलात, तोंडावरचा मास्क बाजूला करून तुम्ही म्हणालात, "मिलिंद, नव्हती लागली. मला दिसलं होतं रे. पण लोक म्हणाले असते, पोराला वाचवलं. आपल्यासारख्यांकडे एकदा बोट दाखवलं की संपलं."

मी क्लायंटचा कॉल आहे म्हणालो आणि बाहेर गेलो. कॉल नव्हता. तासभर पार्किंगमध्ये उभा होतो. परत आलो तेव्हा नर्स पडदा ओढत होती. वाईट वाटतं का? वाटतं. थांबलो असतो तर माफ केलं असतं का? नाही.

त्या चार ओळी मी देणार नाही. पण तुमच्या स्पर्धेत तुमची नात खेळणार आहे. अकरा वर्षांची आहे, बॅट धरते थेट तुमच्यासारखी. तिच्या सामन्याला अंपायर म्हणून मी माझं नाव दिलंय. प्रामाणिक माणसाचा मुलगा म्हणून लगेच घेतलं त्यांनी. तुमचा ब्लेझर घालून उभा राहणार आहे.

शब्द देतो, बाबा. तिच्या बॅटची कड लागली नसेल, तर माझं बोट वर जाणार नाही. आणि लागली असेल, सगळ्या मैदानाने आवाज ऐकला असेल, तरीही जाणार नाही.

तुमचाच,
मिलिंद