नगर बघायला गेलो तो रविवार

२ फेब्रुवारी १९७३, शुक्रवार

मामंजी जेवताना म्हणाले, "रविवारी नगरला जाऊ. तू नगर बघितलंच न्हाईस."

दवाखान्यापलीकडचं नगर खरंच पाहिलेलं नाही. दवाखानाही तेवढाच, यांना नेलं तेव्हाचा. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागला होता, पोचेपर्यंत सगळं संपलेलं. पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील.

सासऱ्यानं विधवा सुनेला शहर दाखवायला न्यायचं, असं देवळालीत कुणी केल्याचं ऐकलं नाही. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, ताटात बघत बसल्या. माझ्या मंदीला न्यायचं नाही म्हणे. चार वर्षांचं पोर, उन्हात कशाला.

३ फेब्रु., शनि.

आत्याबाईंनी ट्रंकेतून माझी निळी साडी काढून खाटेवर ठेवली. दोन वर्षांत नेसले नाही. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "नेस. त्यांनी सांगितलंय." मंदी साडीवर लोळून गेली.

५ फेब्रु., सोम.

कालचं आज लिहिते. काल हात चालला नसता.

पहिल्या एस.टी.नं निघालो. वाटेत मामंजी बोलत होते, एरवी नसतं एवढं. तरुणपणी गुळाची गाडी घेऊन नगरच्या बाजारात येत, तेव्हा किल्ला बाहेरूनच बघायचे. स्टँडवरून टांग्यानं किल्ल्यावर. खंदकात पाणी नाही, नुसत्या बाभळी. तट एवढा रुंद की वरून बैलगाडी जाईल. दाराशी पांढरी टोपी नि कोट घातलेले एक गृहस्थ उभे होते, हातात फिरकीचा तांब्या. मामंजी म्हणाले, "ह्ये वाघ मास्तर. जामखेडकडचं. वळखीचं हायेत." ओळखीच्या माणसाला बघून मामंजींचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तिघं आत हिंडलो. साहेबानं आपल्या पुढाऱ्यांना कोंडलं त्या खोल्या पाहिल्या. मास्तर माझ्याशी बोलले नाहीत, पण ऊन लागलं की बाजूला होऊन सावली मला सोडायचे. बाहेर लिंबाखाली भाकरी खाल्ली. मास्तरांनी सगळ्यांना तांब्यातलं पाणी दिलं, शेवटी स्वतः घेतलं. त्यांच्याकडे दुष्काळ फार. पाणी टँकरचं, अर्धी शाळा दुष्काळी कामावर खडी फोडायला.

मग पाथर्डीच्या गाडीनं चांदबिबीच्या महालाकडे. डोंगराखाली उतरलो. थोडं चढून मामंजी दगडावर बसले. "माजं गुडघं दुखत्यात. तुमी वर जाऊन या."

गुडघ्यांची तक्रार त्यांनी आजवर केलेली नाही. तिथं मला कळलं. कळूनही पाय वर चालत राहिले.

महाल चांदबिबीचा नाहीच म्हणे. राखणदार सांगत होता, कुणा खानाची कबर आहे. तळघरात खान नि त्याची एक बायको. दुसरी बायको बाहेर, उघड्यावर. मास्तरांनी ते ऐकून मान खाली घातली. त्यांची बायको तापानं गेलेली, मूलबाळ नाही. हे त्यांनी नंतर सांगितलं.

वरच्या कमानीत उभे होतो. वारा फार. मास्तर म्हणाले, "मी का आलोय ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला कुणी काही सांगितलं नाही."

ते गोरेमोरे झाले. "मला वाटलं तुम्हाला विचारलं असेल. तसं असेल तर मी खाली जातो. हे बरं नाही झालं."

मीच म्हटलं, "थांबा. आता आलोच आहोत." मग विचारलं, मला मुलगी आहे हे ठाऊक आहे का.

"आहे. मी म्हणालो होतो, आणा तिला. माझ्याच शाळेत घालीन. पण तुमचे सासरे म्हणाले, पोर आमच्याकडे राहील. तेवढं सोडून बोला म्हणाले."

वरून सगळं नगर दिसतं. लांब मिनार, झाडं, धूर. मी बघत होते, पण काय बघितलं ते आज आठवत नाही.

परतीच्या गाडीत मी मामंजींना सरळ विचारलं. आजवर त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. ते खिडकीतून बघत म्हणाले, "तुजं वय हाय. आमी आज हाव, उद्या न्हाई. भावकी तुला सुखानं जगू द्यायची न्हाई. पन पोरगी गेली तर घरात काय ऱ्हातं? तिचं नाक बघ. त्याचंच हाय. तिची आजी जगायची न्हाई, पोरी."

रडत नव्हते. धोतराचा सोगा नुसता चुरगाळत होते. मला राग आणता आला असता तर बरं झालं असतं.

७ फेब्रु., बुध.

आत्याबाईंना सगळं आधीपासून ठाऊक होतं. भाकरी थापताना म्हणाल्या, "मानूस बरा हाय म्हनत्यात. जा तू. मंदीचं मी बघीन." तव्यावरची भाकरी जळली तरी त्यांना कळलं नाही. रात्री मंदी त्यांच्याच कुशीत झोपते, हे खरं. मी गेले तर चार दिवस रडेल, मग विसरेल. की नाही विसरणार. दोन्ही...

मास्तर वाईट नाहीत. हे लिहिताना यांची आठवण आली, आणि तरी लिहिलं.

९ फेब्रु., शुक्र.

सकाळी मामंजींनी विचारलं, "मास्तरला काय सांगू?"

म्हटलं, "राहिले तर दोघी, गेले तर दोघी. मंदीला मागं ठेवून मी कुठं जाणार नाही. आणि मास्तरांना इथं येऊ द्या. तिला बघू द्या. तिलाही त्यांना बघू द्या."

"मंग माज्या घरात काय?" एवढंच म्हणाले. जेवले नाहीत. आत्याबाईंनी ताट झाकून ठेवलं.

भेटायला आणत जाईन, असं माझ्या ओठावर आलं होतं. नाही बोलले. जामखेड काय जवळ आहे?

११ फेब्रु., रवि.

मामंजी पहाटे उठले. धुतलेलं धोतर नेसले, नवी टोपी घातली. "जामखेडला जाऊन येतो," म्हणाले. आत्याबाईंनी विचारलं, काय सांगनार हाव. त्यांनी पायताण घातलं. मी भाकरी बांधून दिली, ती घेतली. माझ्याकडे बघितलं नाही, पण "येतो, पोरी" म्हणाले.

मी दारात उभी राहिले. मंदी त्यांचं बोट धरून फाट्यापर्यंत गेली. गाडी आली, धूळ उडाली, मग मंदी एकटीच परत येताना दिसली.