ओरेस्टचा भोंगा

२९ नोव्हेंबर
आईला सास्काटून शहरातल्या इस्पितळातून घरी आणलं. खाट तिने खिडकीशीच लावून घेतली, रुळांच्या बाजूला. पहिला प्रश्न — "ओरेस्टची गाडी कधी रे?" मी म्हणालो, पाईपलाईन तुडुंब भरलीय, सगळं तेल रेल्वेनेच चाललंय, त्याला सुट्टी नाही. तेलाचं खरं. बाकी खोटं.

ओरेस्ट, माझा धाकटा भाऊ, तेलगाडीचा ड्रायव्हर, या महिन्याच्या सुरुवातीला गेला. थंडीने रूळ तडकला, त्याचं इंजिन उलटलं. आई तेव्हा इस्पितळात नळ्या लावून पडलेली. तिच्याविनाच पुरला त्याला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात सांगू नका, तिचं हृदय सोसणार नाही.

२ डिसेंबर
आज पुन्हा कामावर, तेल भरायच्या तळावर. ओरेस्टच्या त्या शेवटच्या गाडीच्या वाघिणी मीच भरल्या होत्या. आमचं तेल जड. गरम असतं तोवर काकवीसारखं वाहतं, गारठलं की डांबर. त्या दिवशीही बर्फावर सांडलं आणि तिथेच थिजलं. आग लागली नाही. देवाची कृपा, असं सगळे म्हणाले. मीही क्रूसाची खूण केली. मग गोठ्यात जाऊन बसलो.

५ डिसेंबर
भोंगा! फाटकाशी दोन लांब, एक आखूड, एक लांब — हा नियमच. पण ओरेस्ट शेवटचा लांबवायचा, आमचा गोठा मागे पडेपर्यंत. आईसाठी. आज अगदी तसाच वाजला! अंगावर काटा आला. आई डोळे मिटून पडली होती.

७ डिसेंबर
परवा भोंगा वाजवणारा लॉर्न होता, ओरेस्टचा जोडीदार ड्रायव्हर. आज भरलेली गाडी न्यायला तळावर आला.
"भोंगा तसा लांबवायला तुला कुणी सांगितलं?"
"कुणी नाही. तुमचा गोठा आला की हात सुटतच नाही." मग त्याचा नेहमीचा टोमणा — "मिरोन, तेल भरता का चिखल? इंजिन कण्हतं माझं!" हसू कुणालाच आलं नाही.
थांबव म्हणायला हवं होतं. म्हणालो, "सावकाश जा रे."

१२ डिसेंबर
पापनिवेदनाला गेलो. आईपासून लपवलेलं सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळला, सात जानेवारीला, तिला प्रसाद द्यायला मी घरी येणार. तिने ओरेस्टचं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. त्याआधी तू सांग."

२० डिसेंबर
कडाक्याची थंडी. गाड्या जागच्या जागी उभ्या. भोंगा नाही. आईने बीटचं सूप तसंच ठेवलं. ओरेस्टला फोन लाव, असं ती एकदाही म्हणत नाही. बरंच आहे. काय सांगितलं असतं?

२८ डिसेंबर
सांगायला बसलो. तिने गव्हाची परात माझ्या मांडीवर ठेवली — "खडे बघ." खडे बघितले.

५ जानेवारी
उद्या नाताळची पवित्र रात्र. माझ्या बायकोने, ओल्हाने, ठेवणीतली ताटं पुसली. गेलेल्या माणसासाठी एक रिकामं ताट मांडायचं, जवळ मेणबत्ती. आमच्याकडे ते बाबांचं. ते तिने दोनदा पुसलं. म्हणाली, "अहो, जेवणाआधी नका सांगू. दोन घास तरी जाऊ देत आईंच्या पोटात." ठरलं. उद्या, जेवण झाल्यावर. देवा, शब्द दे.

६ जानेवारी
पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं; ती दिसायच्या आधीच आई उठली. भिंत धरत धरत टेबलाशी आली. आम्हाला हात लावू दिला नाही. बाबांचं ताट मांडलं. शेजारी आणखी एक, रिकामं. दोन्हींजवळ मेणबत्त्या लावल्या.

तेवढ्यात फाटकाशी भोंगा. शेवटचा लांबत लांबत गोठ्यापलीकडे गेला. आई ऐकत उभी होती.

"हा ओरेस्टपेक्षा जास्त लांबवतो," ती म्हणाली. "कुणाचा रे पोरगा? थोडं त्याच्यासाठी काढून ठेव."